मुळ्यांवरचा खंजीर : उसाच्या जमिनीतील एका सूत्रकृमीची ओळख



खोडव्याचे दिवस आले की गट कार्यालयात एक तक्रार हमखास येते. "साहेब, सगळा फड हिरवागार हाय, पण मधला एक पट्टा उठतच नाही. युरियाबी टाकला, पाणीबी दिलं, तरी हाय तसाच." तक्रार खरी असते. जाऊन पाहावे तर दहा-पंधरा सऱ्यांच्या पट्ट्यात ऊस गुडघ्याएवढा, पान फिकट, फुटवे मोजके, आणि बाजूलाच त्याच बेण्याचा, त्याच खताचा ऊस डोक्याच्या वर गेलेला. मालक बांधावर उभा राहून विचारतो, "आता कोणतं औषध टाकू?"

औषधाचे नाव सांगणे सोपे असते. पण पट्टा मागे पडण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांतील काही जमिनीच्या पोटात असतात, वरून दिसत नाहीत. अशाच एका न दिसणाऱ्या कारणाची ओळख या लेखात करून द्यावयाची आहे. त्याचे नाव खंजीर सूत्रकृमी. हा प्राणी कसा जगतो हे एकदा नीट कळले की त्याला कसे शोधावे आणि कसे आवरावे हे बरेचसे आपोआप कळते. आणि कळले नाही तर पैसाही जातो व वर्षही जाते.

सूत्रकृमी म्हणजे काय?

सूत्र म्हणजे दोरा. दोऱ्यासारखा बारीक, गोल अंगाचा, दोन्ही टोकांना निमुळता असा हा जीव आहे. गांडुळाशी त्याचे नाते लावू नये. गांडुळाच्या अंगावर कडी असतात, अंगात रक्त असते. सूत्रकृमीला खरी कडी नाहीत आणि रक्तही नाही. त्याच्या अंगातील स्नायू फक्त लांबीच्या दिशेने असतात. त्यामुळे तो गांडुळासारखा आखडत-पसरत जात नाही, तर सापासारखा नागमोडी वळवळतो. आणि त्यासाठी त्याला पाण्याचा पातळ थर लागतो. मातीच्या दोन कणांमध्ये जी ओल धरलेली असते, तीच त्याची वाट.

मूठभर चांगल्या मातीत सूत्रकृमी शेकड्यांनी सापडतात. सभासदांनी हे ऐकून घाबरू नये. त्यातील पुष्कळसे जिवाणू आणि बुरशी खाऊन जगतात आणि कुजण्याच्या कामाला मदत करतात. काही तर दुसऱ्या सूत्रकृमींनाच खातात, म्हणजे आपले मित्रच. पिकाला उपद्रव देणारे त्यातले काहीच, आणि त्यांना ओळखण्याची खूण तोंडात आहे. पिकाच्या शत्रूच्या तोंडात एक पोकळ सुई असते. ती मुळीच्या पेशीत खुपसून तो आतला रस ओढतो.

उसावरचे सूत्रकृमी हे काही नवे खूळ नाही. जावा बेटावर मेलकिओर ट्रॉइब या शास्त्रज्ञाने १८८५ सालीच उसाच्या मुळीतील गाठी करणाऱ्या सूत्रकृमीचे वर्णन केले होते. म्हणजे आपल्याकडे सहकारी साखर कारखाना हा शब्दही नव्हता, तेव्हापासून हा विषय ऊसवाल्यांच्या पुढे आहे.

खंजीर का म्हणायचे?

शास्त्रज्ञ या सूत्रकृमीला झिफिनेमा म्हणतात. ग्रीक भाषेत झिफोस म्हणजे तलवार आणि नेमा म्हणजे दोरा. तलवार बाळगणारा दोरा! हे नाव १९१३ साली नेथन कॉब या अमेरिकन शास्त्रज्ञाने दिले. या कॉबसाहेबांचा आणि उसाचाही संबंध आहे. त्यांनी ऑस्ट्रेलियात उसाच्या रोगावर काम केले आणि पुढे हवाई बेटांतील ऊस मळेवाल्यांच्या संघाकडे नोकरी केली. मातीतून सूत्रकृमी चाळून काढण्याची जी पद्धत आजही प्रयोगशाळेत वापरतात, ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. आज या झिफिनेमा कुळात अडीचशेहून अधिक जाती माहीत आहेत.

आता खंजिराचे माप पाहू. एक मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. उसाच्या मुळीत शिरून डाग पाडणारा जो सूत्रकृमी आहे, त्याची सुई सुमारे १५ ते १७ मायक्रॉन लांब असते. खंजीर सूत्रकृमीची सुई, मागच्या दांड्यासह, शंभर ते दोनशे मायक्रॉन, काही जातींत त्याहूनही लांब! बाकीच्यांच्या हातात टाचणी, तर याच्या हातात दाभण, असा हा फरक आहे.

त्याचे शरीरही इतरांपेक्षा मोठे आहे. डाग पाडणारा सूत्रकृमी जेमतेम अर्धा मिलिमीटर. खंजीर मात्र जातीप्रमाणे साधारण दीड ते पाच मिलिमीटर. मग डोळ्यांना का दिसत नाही, असे कोणी विचारील. लांबी असली तरी जाडी आपल्या केसापेक्षाही कमी आणि अंग काचेसारखे पारदर्शक. काळ्या कागदावर काचेच्या वाटीत पाणी घेऊन, तिरप्या उजेडात तीक्ष्ण नजरेच्या माणसाला तो पांढरट तुसासारखा दिसू शकतो. मातीत तर मुळीच दिसत नाही.

तो जगतो कसा?

पहिली गोष्ट, खंजीर सूत्रकृमी मुळीच्या आत राहत नाही. तो जन्मभर मातीतच असतो आणि बाहेरून सुई खुपसून खातो. एका मुळीवरून दुसऱ्या मुळीवर फिरस्त्यासारखा जातो. म्हणून मुळी कितीही चिरून पाहिली तरी तो आत सापडणार नाही. शोधायचा तर मुळीलगतच्या मातीत.

दुसरी गोष्ट, त्याची पैदास सावकाश आहे. गाठी करणाऱ्या सूत्रकृमीची मादी शेकडो अंडी एका चिकट पुंजक्यात घालते. खंजिराची मादी एकेक अंडे सुटे, मातीत घालते आणि तीही थोडी. अंड्यातून अळी निघते. ती तीन किंवा चार वेळा कात टाकून मोठी होते. प्रत्येक अवस्थेत तिला खायला जिवंत मुळी लागते. जात, जमिनीची ऊब आणि खाद्य यांप्रमाणे पिढी पुरी व्हायला काही आठवड्यांपासून वर्षभरापर्यंत काळ लागतो. पुष्कळ जातींत नर क्वचितच सापडतो. मादी नराशिवायच अंडी घालते. म्हणजे चुकून एक मादी जरी नव्या रानात गेली तरी वंश सुरू होऊ शकतो.

तिसरी गोष्ट, पैदास सावकाश असली तरी आयुष्य लांब आहे. पीक काढले म्हणून तो लगेच मरत नाही. जमिनीत जिवंत बुडखे आणि मुळ्यांचे तुकडे राहिले तर त्यांवर तो दिवस काढतो. द्राक्षाच्या जुन्या बागा काढल्यावर खोलवर राहिलेल्या मुळ्यांच्या आधाराने खंजीर सूत्रकृमी काही वर्षे टिकल्याचे परदेशात दिसून आले आहे.

चौथी गोष्ट फार महत्त्वाची. इतका चिवट असूनही हा प्राणी दोन बाबतींत अगदी नाजूक आहे. त्याला कोरडेपणा सोसत नाही आणि ढवळाढवळ सोसत नाही. त्याचे अंग लांब. मातीच्या पोकळ्या मोठ्या आणि सलग असतील तरच त्याला हिंडता येते. म्हणून नदीकाठची मळई, वाळूमिश्रित पोयटा, हलकी निचऱ्याची जमीन त्याला मानवते. पाणी साचणाऱ्या, चिबड, चोपण रानात त्याचे फारसे जमत नाही. तसेच दरवर्षी नांगरल्या जाणाऱ्या रानापेक्षा वर्षानुवर्षे न हलवलेले रान त्याला आवडते. फळबागा, द्राक्षबागा आणि आपले खोडव्यावर खोडवे! लागण, पहिला खोडवा, दुसरा, तिसरा असे चार-चार वर्षे रान मोडले नाही, तर सावकाश वाढणाऱ्या या पाहुण्याला पुरेसा मुक्काम मिळतो.

मुळीचे काय होते?

बेणे लावल्यावर आधी कांडीच्या मुळ्या सुटतात. काही आठवड्यांनी फुटव्यांच्या स्वतःच्या जाड पांढऱ्या मुळ्या येतात आणि पुढे ऊस त्यांच्यावरच जगतो. खोडव्यालाही नव्या फुटव्यांबरोबर नव्या मुळ्या कराव्या लागतात. खंजीर सूत्रकृमी बहुधा या कोवळ्या मुळ्यांच्या टोकाजवळ बसतो. मुळीचे टोक म्हणजे तिचा वाढीचा कोंब. तिथे सुई खोल, अनेक पेशी ओलांडून आत जाते. आधी लाळ सोडली जाते, मग आतले द्रव्य पंपाने ओढावे तसे ओढले जाते. हे काम कधी काही मिनिटे, तर कधी तासन्‌तास चालते.

टोक दुखावले की मुळीची लांबी खुंटते. काही जातींच्या खाण्याने टोक फुगते, वाकडे होते, मासे पकडायच्या गळासारखे वळते. काहींच्या खाण्याने फुगवटा न येता टोक तांबूस, मग काळे पडून मरते. केसाळ तंतुमुळ्या कमी होतात. परिणामी बुडखा उपटून पाहिला तर मुळ्यांचा झुपका हवा, तिथे आखूड, बोथट, थोट्या मुळ्या दिसतात. जमिनीत खत आहे, पाणी आहे, पण ते घेणारे हातच तुटलेले. युरियाची आणखी एक गोणी टाकून काय होणार?

दक्षिण आफ्रिकेतील नाताळ भागात उसाची बरीच शेती वालुकामय जमिनीवर आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी सूत्रकृमींमुळे होणाऱ्या नुकसानीचा पुष्कळ अभ्यास केला असून, झिफिनेमा इलाँगॅटम ही खंजीर जात तिथे उसाच्या मुळ्यांभोवती आढळते. त्या अभ्यासातील ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की सूत्रकृमी एकटा क्वचित असतो. एकाच बुडख्याभोवती खंजीर, गाठीवाला, डागवाला असे अनेक प्रकार एकत्र नांदतात आणि नुकसान त्या सगळ्यांचे मिळून होते. हलक्या, कमी ओल धरणाऱ्या जमिनीत ते अधिक जाणवते.

फडात पाहणी : काय फसवते, काय सांगते

सूत्रकृमीची लक्षणे वरून पाहून ठरवता येत नाहीत, हे प्रथम मान्य करावे. पट्टा किंवा चट्टा मागे पडणे, दुपारी इतरांच्या आधी पाने सुकणे, फुटवे कमी, पेरे आखूड, ओळी लवकर न झाकणे, एवढेच दिसते. हीच लक्षणे दुसऱ्या कारणांनीही येतात. म्हणून आधी ती कारणे वगळावीत.

कोवळ्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा-पांढरा असे पट्टे दिसले तर तो बहुधा केवडा, म्हणजे लोहाची कमतरता. चुनखडीच्या रानात हे नेहमीचे. पानांची टोके करपली आणि सरीच्या वरंब्यावर पांढरा थर आला तर क्षार पाहावेत. ऊस हाताने ओढताच बुडख्यासह उपटून आला आणि मुळ्या कुरतडल्यासारख्या दिसल्या तर हुमणीची अळी शोधावी. ती डोळ्यांनी दिसते. खणल्यावर निळसर-करडी, वास येणारी चिकट माती लागली तर पाणी साचण्याचा दोष.

यांपैकी काही आढळले नाही आणि मुळ्या थोट्या, बोथट, टोके फुगलेली किंवा काळी दिसली तर सूत्रकृमीचा संशय घ्यावा. मुळी पाहताना ऊस ओढून काढू नये. कुदळीने बाजूने खणून बुडखा मातीसकट उचलावा आणि बादलीतील पाण्यात हलके धुवावा. ओढले की नाजूक मुळ्या रानातच राहतात. शेजारच्या चांगल्या ऊसाचाही एक बुडखा तसाच काढून दोन्ही शेजारी ठेवावेत. तुलना केल्याशिवाय डोळा काही सांगत नाही.

संशय पक्का करण्यासाठी घरी करण्याजोगी एक साधी परीक्षा आहे. चट्ट्यातील माती घेऊन तिचे दोन भाग करावेत. एक भाग ओलसर ठेवून फडक्यात बांधून अर्धा-पाऊण तास चांगला वाफवावा व थंड करावा. दुसरा तसाच ठेवावा. दोन कुंड्यांत भरून दोन्हींत एकाच निरोगी उसाचे एक डोळा टिपरे लावावे. पाणी सारखे, जागा सारखी. दीड-दोन महिन्यांनी दोन्ही रोपे धुऊन मुळ्या पाहाव्यात. वाफवलेल्या मातीत मुळ्या भरघोस आणि दुसऱ्यात थोट्या, असे झाले तर दोष बहुधा मातीतील जिवंत गोष्टीचा आहे. ती कोणती, हे मात्र ही परीक्षा सांगत नाही. त्यासाठी प्रयोगशाळा.

माझ्या हातून झालेली चूक

इथे एक कबुली देणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका सभासदाच्या दुसऱ्या खोडव्यात असाच चट्टा होता. एप्रिलचा महिना. मी स्वतः मातीचा नमुना घेतला, पिशवीत भरला, मोटारसायकलच्या डिकीत टाकला आणि पुढची चार कामे उरकत संध्याकाळी कार्यालयात आलो. नमुना दुसऱ्या दिवशी टेबलावर पडून राहिला, तिसऱ्या दिवशी गेला. अहवाल आला, खंजीर सूत्रकृमी आढळला नाही. आम्ही त्या सभासदाला सांगितले, सूत्रकृमी नाही, सूक्ष्म अन्नद्रव्ये द्या. त्याने दिली. खर्च केला, खोडवा आणखी एक वर्ष ठेवला. चट्टा तसाच राहिला, उलट थोडा रुंदावला.

पुढल्या वर्षी पुन्हा नमुना घेतला, या वेळी रीतसर. त्यात खंजीरही होता आणि डाग पाडणाराही. तो सभासद रागावला नाही. एवढेच म्हणाला, "साहेब, पिशवी तापली, आन् माझं वरीस गेलं." ते वाक्य मी विसरलो नाही.

झाले होते असे. पुष्कळ प्रयोगशाळांत माती जाळीवरच्या पातळ कागदावर पसरून खाली पाणी ठेवतात. जिवंत सूत्रकृमी वळवळत कागदातून खाली उतरतो आणि मोजला जातो. डिकीत तापून मेलेला उतरत नाही. खंजीर सूत्रकृमी तर मोठा आणि सुस्त. जिवंत असला तरी कागदातून कमीच उतरतो. म्हणून त्याच्यासाठी माती पाण्यात ढवळून चाळण्यांवर गाळण्याची पद्धत अधिक भरवशाची. म्हणजे "आढळला नाही" याचा अर्थ "नव्हता" असा नेहमीच होत नाही. नमुना कसा घेतला, कसा पोचला आणि कसा गाळला, हे विचारल्याशिवाय अहवालावर वर्षाचा निर्णय घेऊ नये.

नमुना असा घ्यावा

१. माती ना कोरडी ठणठणीत, ना चिखल, अशी वाफशावर असताना नमुना घ्यावा.

२. चट्ट्याच्या अगदी मधोमध, जिथे ऊस जवळजवळ मेला आहे, तिथे घेऊ नये. खायला मुळी नाही म्हणून तिथे शत्रूही कमी असतो. चट्ट्याच्या कडेला, अजून जिवंत पण आजारी असलेल्या बुडख्यांजवळ घ्यावा.

३. वरची दोन-चार बोटे सुकी माती बाजूला सारावी. मुळ्यांलगत एक वीत ते दीड-दोन वीत खोलीवरची माती घ्यावी. खंजीर उन्हाळ्यात ओलीच्या मागे खाली जातो.

४. अशा दहा ते वीस जागांची माती घमेल्यात घेऊन हलक्या हाताने मिसळावी. ढेकळे फोडू नयेत, चाळू नये. रासायनिक तपासणीसाठी आपण माती सावलीत वाळवतो, कुटतो, चाळतो. इथे नेमके ते करायचे नाही. हा नमुना जिवंत आहे असे समजावे.

५. सुमारे अर्धा किलो माती व मूठभर बारीक मुळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधावे. चिठ्ठीवर नाव, गट नंबर, उसाची जात, लागण की खोडवा, आधीचे पीक आणि तारीख पेन्सिलीने लिहावी. शाई ओलीने पसरते.

६. त्याच रानातील चांगल्या भागाचा दुसरा नमुना वेगळा द्यावा.

७. पिशव्या ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवाव्यात. उन्हात, गाडीच्या डिकीत किंवा बर्फाच्या कप्प्यात ठेवू नयेत. दोन-तीन दिवसांत प्रयोगशाळेत पोचवाव्यात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात सूत्रकृमींवर संशोधनाचे काम चालते. नमुना पाठवण्याआधी गट कार्यालयात चौकशी करावी.

सूक्ष्मदर्शकाखाली काय पाहतात?

प्रयोगशाळेत खंजीर ओळखण्याच्या खुणा सभासदांनी ऐकून ठेवायला हरकत नाही. पहिली, लांब अंग आणि लांबलचक सुई. सुईचा पुढचा भाग अणकुचीदार, मागचा भाग दांड्यासारखा आणि दांड्याच्या बुडाला मुठीसारखे रुंद फुगवटे. दुसरी, सुईला आधार देणारे एक कडे असते. खंजिरात हे कडे मागे, सुई व दांडा यांच्या सांध्याजवळ असते. याचाच एक भाऊबंद सुई सूत्रकृमी आहे. त्याची सुईही लांब, पण त्यात कडे पुढे, ओठांजवळ असते आणि दांड्याच्या बुडाला तसे ठळक फुगवटे नसतात. या खुणेवरून दोघांची फारकत होते. तिसरी, अळीच्या अंगात वापरातल्या सुईच्या मागे दुसरी, पुढच्या कातेसाठी तयार असलेली राखीव सुई दिसते. म्हणजे कात टाकताना जुने हत्यार गेले तरी नवे हजर! दोन सुया दिसल्या की ती अळी, एकच दिसली की पूर्ण वाढलेला. जात ठरवण्यासाठी मग शेपटीचा आकार, सुईचे माप आणि मादीच्या जननछिद्राची जागा पाहतात.

अहवालात अमुक घन सेंटीमीटर मातीत इतके सूत्रकृमी, असा आकडा येतो. सगळ्या जमिनींना लागू पडेल असा एकच धोक्याचा आकडा नाही. हलक्या रानात थोडेही बाधतात, भारी रानात जास्त असूनही ऊस तग धरतो. म्हणून चांगल्या आणि वाईट भागांच्या दोन आकड्यांची तुलना करावी आणि सोबत दुसरे कोणते सूत्रकृमी आहेत ते पाहावे.

विषाणूची भीती कोणाला?

१९५८ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया येथे ह्युइट, रास्की आणि गोहीन या तिघांनी दाखवून दिले की द्राक्षाच्या पंखापान रोगाचा विषाणू झिफिनेमा इंडेक्स हा खंजीर सूत्रकृमी एका वेलीवरून दुसरीवर नेतो. सूत्रकृमी वनस्पतीचा विषाणू वाहतो, याचा हा पहिला पुरावा होता. विषाणू त्याच्या अन्ननळीच्या अस्तराला चिकटून महिनोन्‌महिने राहतो; कात टाकली की अस्तराबरोबर निघून जातो.

ऊसवाल्यांनी मात्र यावरून भलताच अर्थ काढू नये. उसातील मोझॅक हा बेण्यातून आणि माव्यामार्फत पसरतो, गवताळ वाढ हीही मुख्यतः बेण्यातून येते. त्यांचा खंजिराशी संबंध नाही. आपल्याला तो बाधतो ते मुळी मोडल्यामुळे. उसाचे रान मोडून तिथे द्राक्ष किंवा दुसरी फळबाग लावण्याचा ज्यांचा विचार असेल, त्यांनी मात्र लागवडीआधी माती तपासून घ्यावी. बाग एकदा उभी राहिली की जमीन मोकळी मिळत नाही.

उपाय : त्याच्या नाजूक जागेवर घाव

जुन्या सभासदांना नेमागॉन हे औषध आठवत असेल. ते सूत्रकृमींवर चालत असे. पण १९७७ साली कॅलिफोर्नियातील ते तयार करणाऱ्या कारखान्यातील पुरुष कामगारांना वंध्यत्व आल्याचे उघड झाले आणि पुढे त्यावर बंदी आली. आपल्या देशातही ते बंद आहे. फोरेटवरही ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. घरात जुनी पुडी पडली असेल तर ती रानात टाकू नये. आज जे औषध वापरायचे ते अहवाल पाहून, लेबलावर त्या पिकाचे नाव आहे याची खात्री करून, कृषी अधिकाऱ्याच्या सल्ल्यानेच. अंदाजाने दाणे फेकणे म्हणजे पैसा जाळणे आणि विहिरीच्या पाण्याशी खेळणे.

मुख्य भरवसा पुढील गोष्टींवर ठेवावा. खंजिराला कोरडेपणा व ढवळाढवळ सोसत नाही, हे आपण पाहिले. म्हणून बाधित रानात खोडव्यावर खोडवे ओढू नयेत. रान मोडताना बुडखे वेचून बाहेर काढावेत, एप्रिल-मेच्या उन्हात खोल नांगरट करून जमीन तापू द्यावी आणि जमल्यास दुसरी नांगरट आडवी द्यावी. खोल थरातले काही वाचतात, तरी संख्या पुष्कळ खाली येते.

मग फेरपालट. ताग पेरून फुलोऱ्याच्या सुमारास गाडला तर जमिनीचा पोत सुधारतो आणि मुळ्यांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीला तो वाढू देत नाही. खंजिराच्या बाबतीत मात्र एकट्या तागावर विसंबू नये. कुजलेले शेणखत, कारखान्याची प्रेसमड आणि पाचट यांनी सूत्रकृमी एकदम मरत नाहीत, पण जमिनीत त्यांचे नैसर्गिक शत्रू वाढतात, ओल टिकते आणि ऊस नव्या मुळ्या लवकर करतो. मुळी मोडलेल्या उसाला एकदम भरपूर पाणी देऊन मग महिनाभर ताण देण्यापेक्षा थोडे थोडे व वेळेवर पाणी मानवते. ठिबक असेल तर उत्तमच.

बेण्याची उष्ण प्रक्रिया बेण्यातल्या रोगासाठी आहे. जमिनीतल्या खंजिरावर तिचा काही उपयोग नाही. तो बेण्याच्या आत नसतो, पण बेण्याला, रोपांच्या पिशवीला, नांगराच्या फाळाला चिकटलेल्या मातीतून प्रवास करतो. स्वतःच्या पायांनी तो वर्षभरात थोडेच अंतर जाईल. ट्रॅक्टरवर बसून एका दिवसात गावभर फिरेल. तेव्हा चांगले रान आधी नांगरावे, बाधित रान शेवटी, आणि नंतर फाळ धुवावा. रोपे घेताना रोपवाटिकेत माती कोठून आणली ते विचारावे.

सभासद बंधूंनो, या सगळ्याचा सारांश असा की पिवळा पट्टा दिसल्यावर पहिला प्रश्न "काय टाकू?" हा नसावा, "काय आहे?" हा असावा. कुदळ, बादली आणि सावलीतून नेलेली एक पिशवी, एवढ्यात त्याचे उत्तर मिळते. या हंगामात ज्यांच्या खोडव्यात असा चट्टा असेल, त्यांनी तोडणीनंतर रान मोडण्याआधी आपल्या गटाच्या शेती मदतनिसाला कळवावे. नमुना घेताना स्वतः हजर राहावे. आणि पिशवी डिकीत ठेवू देऊ नये, मग ती मोटारसायकल आमच्यापैकी कोणाचीही असो.